धन्यवादित थॉमस तोलेंतिनोकर : ठाण्याचे रक्तसाक्षी

संतचरित्रे वाचताना आपल्या भाविकांचे मन सहसा दूरदेशी जाते. पादुआचे संत अंतोनी, रोमचे संत सेबस्टियन, लिमाची संत रोझ ही नावे आपल्या घराघरांत मुलांना ठेवली जातात आणि त्यांच्या नोव्हेना आपण श्रद्धेने करतो. आपल्या महाराष्ट्राच्या भूमीने ख्रिस्तसभेला काय दिले असे कोणी विचारले, तर जाणकार मनुष्य वसईचे संत गोन्सालो गार्सिया यांचे नाव घेतो, आणि ते योग्यच होय. १५९७ साली जपानातील नागासाकी येथे क्रूसावर प्राणार्पण करणारे हे वसईकर आपले भूषण आहेत. परंतु त्यांच्याही पूर्वी पावणेतीनशे वर्षे, जेव्हा वसईला किल्ला नव्हता आणि पोर्तुगीजांचे एकही गलबत या किनाऱ्यास लागले नव्हते, तेव्हा ठाण्याच्या मातीत चार परदेशस्थ ख्रिस्तभक्तांचे रक्त सांडले, ही गोष्ट आपल्यापैकी फार थोड्यांस ठाऊक असेल. खराडीपासून ते ठाणे रस्त्याने सुमारे दीडशे किलोमीटर. आपल्या धर्मग्रामातील कित्येक जण कामानिमित्त त्या शहरातून येजा करतात. म्हणून ज्युबिलीच्या या मंगल प्रसंगी त्या चौघांचे अग्रणी धन्यवादित थॉमस यांचे चरित्र वाचकांपुढे ठेवण्याचे आम्ही योजिले आहे.

इटली देशाच्या पूर्व भागात मार्के नावाचा डोंगराळ प्रांत आहे. त्यातील तोलेंतिनो या गावी तेराव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास थॉमस यांचा जन्म झाला. याच गावाच्या नावाने ख्यात असलेले संत निकोलस हे अगस्तीनियन संघाचे होते व ते १३०५ साली निवर्तले. थॉमस त्यांचे समकालीन, परंतु निराळे. असिसीकर संत फ्रान्सिस १२२६ साली प्रभुचरणी लीन झाले होते आणि त्यांच्या अनवाणी, कफल्लक शिष्यांनी सारा मार्के प्रांत भारून टाकला होता. तरुण थॉमस यांनी त्यांचाच झगा व दोरीचा कमरबंद धारण केला.

येथे त्यांच्या जीवनातील पहिली कसोटी आली, आणि ती परक्यांकडून आली नाही. फ्रान्सिस यांच्या पश्चात त्यांच्या संघात एक मोठा वाद माजला. संघाचा पसारा वाढला होता. मठ उभारले गेले होते, विद्यापीठांतून विद्वान बंधू शिकवीत होते आणि त्यासाठी थोडीबहुत साधनसामग्री हवी, असे पुष्कळांस वाटे. उलट आपल्या गुरूने सांगितलेले दारिद्र्य अक्षरशः पाळले पाहिजे, त्यात तिळमात्र सवलत नको, असे म्हणणारा दुसरा पक्ष होता. थॉमस या दुसऱ्या पक्षाचे होते. त्यांना व त्यांच्या काही सोबत्यांना त्यांच्याच वडील बंधूंनी बंडखोर ठरविले आणि कारागृहात टाकले. ही शिक्षा जन्मभराची होती. १२८९ साली रेमंड जॉफ्रॉय हे संघाचे प्रमुख झाले. त्यांनी या प्रकरणाची विचारपूस केली, दारिद्र्यावर प्रेम करणे हा जर अपराध असेल तर तो साऱ्यांनीच करावा अशा वृत्तीने या बंधूंना मुक्त केले, आणि दूर पूर्वेस धाडले.

ज्याला आपल्याच घरच्यांनी कोंडून ठेवले, तो सुटताच घर सोडून गेला असता तर कोणी त्याला दोष दिला नसता. थॉमस यांनी घर सोडले नाही. ज्या संघाने बेड्या घातल्या त्याचाच झगा अंगावर ठेवून, त्याच्याच आज्ञेने ते समुद्रापलीकडे निघाले. रक्तसाक्ष्याचे धैर्य तरवारीपुढे दिसते असे आपण समजतो. आमच्या अल्पमतीला असे वाटते की, थॉमस यांचे खरे धैर्य या तीस वर्षे आधीच्या प्रसंगी अधिक दिसले. परक्याचा घाव सोसणे कठीण खरेच, पण स्वकीयांचा घाव सोसून कडू न होणे त्याहून कठीण.

आपल्या देशी त्या वेळी काय चालले होते, याचेही स्मरण ठेवावे. थॉमस कारागृहातून सुटले, त्याच्या दुसऱ्याच वर्षी, १२९० साली, नेवासे येथे ज्ञानेश्वरी पूर्ण झाली. आपल्या खराडीवरून जाणाऱ्या नगर रस्त्याने पुढे गेले म्हणजे ते नेवासे लागते. देवगिरीस यादवांचे राज्य होते आणि ठाणे, ज्याला पूर्वी श्रीस्थानक म्हणत, ते कोकणच्या शिलाहार राजांची राजधानी म्हणून नावाजलेले जुने बंदर होते.

थॉमस व त्यांचे सोबती गेले ते आर्मेनियाच्या राज्यात, आजच्या तुर्कस्थानाच्या दक्षिण किनाऱ्यावरील किलिकिया प्रांतात. तेथील राजा दुसरा हेथुम हा धर्मशील होता. पुढे त्याने स्वतः फ्रान्सिस्कन झगा स्वीकारला. त्याचे लहानसे ख्रिस्ती राज्य चोहोंकडून संकटात होते. १२९१ साली पवित्र भूमीतील आक्का हे क्रूसयुद्धांचे शेवटचे मोठे ठाणे इजिप्तच्या सुलतानाने जिंकून घेतले आणि आर्मेनियाचा श्वास कोंडला. अशा वेळी हेथुमने साहाय्याची याचना करण्यासाठी थॉमस यांना युरोपास पाठविले. पोप चौथे निकोलस यांच्याकडे, तसेच फ्रान्स व इंग्लंडच्या राजांकडे ते राजाचे म्हणणे घेऊन गेले. सहानुभूती पुष्कळ मिळाली, सैन्य आले नाही. थॉमस पुन्हा पूर्वेकडे परतले.

त्यांच्या आयुष्यातील सर्वांत फलदायी कार्य १३०७ साली घडले. फ्रान्सिस्कन संघाचे जॉन मोंतेकोर्विनोकर हे चीनमधील खानबालिक, म्हणजे आजचे बीजिंग, येथे मंगोल सम्राटाच्या राजधानीत धर्मकार्य करीत होते. चीनला जाताना वाटेत ते आपल्या हिंदुस्थानात तेरा महिने राहिले होते व येथे सुमारे शंभर जणांना त्यांनी स्नानसंस्कार दिला होता. त्यांनी लिहिलेली पत्रे हातोहात पश्चिमेकडे येत होती. थॉमस यांनी ती फ्रान्समधील प्वातिए येथे पोप पाचवे क्लेमेंट यांच्यापुढे नेली आणि कार्डिनलांच्या सभेत त्या धर्मगुरूच्या कार्याची हकिगत सांगितली. परिणाम असा झाला की, पोपमहोदयांनी जॉन यांना खानबालिकचे आर्चबिशप नेमले व त्यांच्या मदतीस सात बिशपांना रवाना केले. हिमालयापलीकडील ख्रिस्तसभेचा पाया ज्या दगडांवर बसला, त्यांतील एक दगड अशा रीतीने थॉमस यांनी आपल्या खांद्यावरून वाहून नेला.

एवढे झाल्यावर साठीच्या आसपास पोहोचलेल्या या वृद्धाने विश्रांती घ्यावयास हरकत नव्हती. पण चीनची ओढ त्यांना स्वस्थ बसू देईना. इराणातून ते निघाले तेव्हा त्यांच्याबरोबर त्यांच्याच संघाचे दोघे बंधू होते : याकोब पादुआकर आणि पेत्र सिएनाकर. चौथे देमेत्रिओ तिफ्लिसकर. हे अनेक भाषा जाणणारे व दुभाष्याचे काम करणारे प्रपंचातले भक्त होते. पाचवे जॉर्डन कातालानी हे डोमिनिकन संघाचे फ्रेंच धर्मगुरू. होर्मुझच्या बंदरात ते गलबतात बसले. केरळातील कोल्लम गाठावे आणि तेथून पुढे जावे असा बेत होता. परंतु समुद्र व खलाशी यांच्या मनात निराळे होते. गलबत कोल्लमला न नेता ठाण्यास लागले. मनुष्याने चीनचा विचार केला आणि परमेश्वराने त्याला ठाण्याच्या खाडीत उतरविले.

ठाण्यात ख्रिस्ती कुटुंबे होती, ही गोष्ट वाचकांस नवल वाटेल. हे लोक पूर्वेकडील सिरियन परंपरेचे होते. पाश्चात्य लोक त्यांना नेस्तोरियन म्हणत. या किनाऱ्यावर ख्रिस्तभक्तांची वस्ती फार जुनी असावी. सहाव्या शतकातील कोस्मास नावाच्या प्रवाशाने कल्लियाना येथे इराणातून नेमून आलेला बिशप असल्याची नोंद केली असून, ते स्थळ आपले कल्याण होय, असे पुष्कळ विद्वान मानतात. ठाण्यात १३२१ साली त्यांची पंधरा घरे होती. त्यांची उपासना सिरियन भाषेत, यांची लॅटिन भाषेत. त्यांची परंपरा एक, यांची दुसरी. आणि यांचे पंडित त्यांना पाखंडी ठरवीत. तरीही या पंधरा घरांनी दारी आलेल्या परक्यांची जात विचारली नाही. एका घराने त्यांना ओसरी दिली, अन्न दिले. जॉर्डन यांना पर्शियन भाषा अवगत होती. गुजरातेतील भडोचकडे कोणी धर्मगुरू नाही, असे कळल्यामुळे ते तिकडे गेले. बाकीचे चौघे ठाण्यातच राहिले.

त्या वेळी यादवांचे राज्य लयास जाऊन थोडीच वर्षे झाली होती. दिल्लीच्या गादीवर घियासुद्दीन तुघलक बसला होता आणि ठाण्याचा कारभार मलिक म्हणजे सुभेदार पाहत असे; न्यायनिवाडा काझीकडे होता.

पुढे जे घडले त्याचा आरंभ कोणत्याही धर्मवादातून झाला नाही. ज्या घरी हे पाहुणे उतरले होते, तेथे नवराबायकोचे भांडण झाले आणि नवऱ्याने बायकोस बेदम मारले. ती बिचारी काझीकडे फिर्याद घेऊन गेली. साक्षीदार कोण, असे विचारता तिने घरी असलेल्या परदेशी साधूंचे नाव सांगितले. त्या कचेरीत इजिप्तमधील अलेक्झांड्रियाचा एक मनुष्य बसला होता. हे लोक शास्त्रसंपन्न असतात, त्यांना बोलावून धर्मचर्चा करावी, अशी सूचना त्याने काझीस केली. पेत्र घरी सामानापाशी राहिले. थॉमस, याकोब व देमेत्रिओ कचेरीत गेले.

आमच्या मराठी भाषेत मार्तिर या परकीय शब्दासाठी रक्तसाक्षी असा सुरेख शब्द रूढ झाला आहे. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थही साक्षीदार असाच होय. थॉमस हे अक्षरशः साक्षीदार म्हणून बोलाविले गेले होते, आणि तेही मार खाल्लेल्या एका बाईचे साक्षीदार म्हणून. ती साक्ष बाजूला राहिली व दुसरीच द्यावी लागली. त्या बाईचे पुढे काय झाले, तिला न्याय मिळाला किंवा नाही, हे कोणत्याही वृत्तांतात नमूद नाही. प्रवचनांतून आपण तरवारीचे वर्णन करतो आणि ज्या काठीपासून हा अनर्थ सुरू झाला, तिचा उल्लेखही करीत नाही. ख्रिस्ती घरात उगारलेल्या एका हाताने शेवटी चार निरपराध माणसांचे प्राण घेतले, हे आपल्या धर्मग्रामातील प्रत्येक गृहस्थाने ध्यानी धरावे.

चर्चेचा विषय प्रभू येशूच्या ईश्वरत्वाचा होता. थॉमस यांनी आपली श्रद्धा शांतपणे मांडली. नंतर इस्लामच्या प्रेषिताविषयी तुमचे मत काय, असा प्रश्न आला. पहिले उत्तर त्यांनी आडवळणाने दिले. पुन्हा पुन्हा आग्रह झाला, तेव्हा मात्र ते स्पष्ट आणि कठोर शब्दांत बोलले, आणि सभा क्षुब्ध झाली. या ठिकाणी वाचकांनी थोडे थांबावे, अशी आमची विनंती आहे. थॉमस ज्यांचे शिष्य, ते संत फ्रान्सिस १२१९ साली इजिप्तचा सुलतान अल कामिल याच्या छावणीत निःशस्त्र गेले होते, त्याच्याशी बोलले होते व सन्मानाने सुखरूप परतले होते. १९६५ साली दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने मुसलमान बांधवांविषयी आदर बाळगण्याची स्पष्ट शिकवण दिली आहे. थॉमस यांचे कठोर शब्द त्यांच्या काळाचे होते. आपण त्यांचा कित्ता गिरवू नये. परंतु प्राणाचे भय दाखविले असता आपल्या प्रभूस नाकारावयाचे नाही, ही त्यांची निष्ठा कोणत्याही काळाची आहे. ख्रिस्तसभा त्यांना मानते ती या निष्ठेकरिता.

त्यांना बांधून भर उन्हात ठेवण्यात आले. चैत्रातले ठाण्याचे ऊन कसे असते, हे आपणांस सांगावयास नको. सकाळपासून तिसऱ्या प्रहरापर्यंत ते तेथे प्रार्थना करीत राहिले, असे सांगतात. मग मोठी होळी पेटविण्यात आली. आख्यायिका अशी आहे की, याकोब यांना तीत लोटले असता ते ज्वाळांमध्ये हात उभारून प्रार्थना करीत उभे राहिले. दुसऱ्यांदा अंगावरची वस्त्रे काढून, तेल ओतून अधिक मोठ्या आगीत टाकले, तरी त्यांचा केसही होरपळला नाही. ते पाहून जमलेले नगरवासीच ओरडू लागले की, ही माणसे पुण्यवान आहेत, यांना इजा करणे पाप आहे. मलिकाचेही मन पालटले. त्याने त्यांना लवकर दूर निघून जाण्यास सांगितले आणि खाडीपलीकडे एका घरी पोहोचते केले. तेथील यजमान ख्रिस्ती किंवा मुसलमान नव्हता. या मातीतील देवदेवतांना भजणारा होता. त्यानेही त्यांना छप्पर दिले. परंतु काझीच्या आग्रहामुळे मलिकाचा निश्चय टिकला नाही. त्याच रात्री चार शस्त्रधारी पुरुष पाठविण्यात आले, आणि थॉमस, याकोब व देमेत्रिओ यांचा वध झाला. तो दिवस झावळ्यांच्या रविवारापूर्वीचा गुरुवार, ९ एप्रिल १३२१. घरी राहिलेले पेत्र यांना दोन दिवस छळून, त्या रविवारच्या पूर्वदिनी, ११ एप्रिल रोजी ठार मारण्यात आले. अवघ्या ठाण्यात झावळ्या हाती घेण्यास त्या रविवारी फक्त ती पंधरा घरेच उरली.

बातमी जॉर्डन यांना प्रवासात कळली. ते मागे फिरले. एका जिनोवाकर तरुणाच्या मदतीने त्यांनी सोबत्यांचे देह हलवून सोपाऱ्यास त्यांचे दफन केले. पाचांपैकी आपणच तेवढे मागे राहिलो, या दुःखाने हा धर्मगुरू व्याकूळ झाला. त्याने आपल्या संघबंधूंना पत्रे लिहिली. त्यांतील पहिले ऑक्टोबर १३२१ मधले, म्हणजे घटनेनंतर अवघ्या सहा महिन्यांचे आहे. म्हणून या इतिहासाचा गाभा निःसंशय आहे. जॉर्डन या किनाऱ्यावर एकाकी, रोगजर्जर अवस्थेतही कार्य करीत राहिले. १३२९ साली पोप बाविसावे जॉन यांनी त्यांना कोल्लमचे बिशप नेमले. थॉमस ज्या गावी पोहोचू शकले नाहीत, त्याच गावाची गादी त्यांच्या सोबत्यास मिळाली.

काही काळाने फ्रान्सिस्कन संघाचे ओडोरिक पोर्देनोनेकर ठाण्यास आले व त्यांनी त्या अस्थी बरोबर घेऊन चीनमधील झायतून येथील आपल्या मठात नेल्या. आगीच्या व पंधरा घरांच्या कथेचा विस्तृत वृत्तांत त्यांनीच १३३० साली पादुआस सांगून लिहविला. त्यात चमत्कार पुष्कळ आहेत. हुतात्म्यांचे देह चौदा दिवस उघड्यावर असून ताजे राहिले. अस्थी उशाशी घेऊन ओडोरिक निजले असता घरास लागलेली आग त्यांना शिवली नाही. वारा पडून गलबत अडले, तेव्हा एक अस्थी समुद्रास अर्पिताच शीड भरले. मलिकास स्वप्नात हे साधू तळपत्या तरवारी घेऊन दिसले, त्याने भयाने चार मंदिरे बांधविली, आणि अखेर बादशहाने त्याला या अन्यायाबद्दल देहान्त शासन दिले. यांतील प्रत्येक गोष्ट इतिहास म्हणून स्वीकारलीच पाहिजे, असे ख्रिस्तसभा सांगत नाही. परंतु आख्यायिका हीदेखील एक प्रकारची साक्ष आहे. लोक ज्यांना विसरू इच्छीत नाहीत, त्यांच्याविषयीच त्या रचल्या जातात.

थॉमस यांचे मस्तक पुढे त्यांच्या जन्मगावी नेण्यात आले आणि तोलेंतिनोच्या कॅथीड्रलमध्ये त्याचे जतन झाले. १८९४ साली पोप तेरावे लिओ यांनी त्यांच्या भक्तीस मान्यता दिली. ९ एप्रिल हा त्यांचा स्मरणदिन होय. मस्तक इटलीत, अस्थी चीनमध्ये आणि रक्त ठाण्याच्या मातीत, असा हा साधू तीन देशांत वाटला गेला. त्यांतील आपला वाटा सर्वांत मोलाचा असूनही आपणच त्याची आठवण सर्वांत कमी ठेवली आहे.

आता हे चरित्र खराडीच्या ज्युबिलीस कसे लागू पडते, ते थोडक्यात सांगून आम्ही पुरे करतो. मुळामुठेच्या काठचे हे शेतकऱ्यांचे गाव आता उंच इमारतींचे व संगणक कचेऱ्यांचे नगर झाले आहे. येथे कोणी वसईहून आला, कोणी गोव्याहून, कोणी अहिल्यानगरच्या खेड्यांतून, कोणी केरळ, तामिळनाडू वा झारखंडहून. एकाच वेदीपुढे मराठी, कोंकणी, मल्याळम व तमिळ बोलणारे गुडघे टेकतात. भाषांवरून, रीतींवरून, मिरवणुकीत कोणाचे गीत आधी यावरून आपणांत कुरबुरी होतात, हे आम्हांस ठाऊक आहे. अशा वेळी ठाण्याच्या त्या पंधरा घरांचे स्मरण करावे. त्यांची नावे इतिहासाने राखली नाहीत; पण त्यांनी परक्या भाषेच्या, परक्या रीतीच्या ख्रिस्तबंधूंना उंबऱ्याआत घेतले. आपल्या जिन्यात नुकतेच राहावयास आलेले कुटुंब रविवारी पवित्र मिस्सेत मागच्या बाकावर एकटे बसत असेल, तर ज्युबिलीची रोषणाई कितीही झगझगीत असली, तरी आपले धर्मग्राम अजून पंधरा घरांएवढे झालेले नाही, असे समजावे.

दुसरी गोष्ट अशी की, थॉमस यांना स्वकीयांनी दुखविले, तरी ते ख्रिस्तसभेपासून दुरावले नाहीत. आपल्यातील काही बंधुभगिनी एखाद्या जुन्या शब्दामुळे, एखाद्या समितीतील मानापमानामुळे मंदिराची पायरी चढेनाशा झाल्या आहेत. ज्युबिलीचे वर्ष हे पवित्र शास्त्रात ऋणमुक्तीचे वर्ष आहे. ज्यांनी दुखविले, त्यांनी प्रथम त्या दारी जावे. जे दुखावले, त्यांनी दार उघडावे. आणि ज्या घरात भिंतीआड हात उगारला जातो, तेथील मार खाणाऱ्या भगिनीचे साक्षीदार होण्यास आपण कचरू नये. थॉमस तेवढ्याचसाठी घरातून बाहेर पडले होते.

तोलेंतिनोच्या या वृद्ध पुत्राने चीनकडे दृष्टी लाविली असता प्रभूने त्याला महाराष्ट्राचे आतिथ्य आणि महाराष्ट्राच्या मातीत मरण दिले. जेथे गलबत लागेल तेथेच साक्ष द्यावयाची, एवढेच त्याने जाणले. आपलीही गलबते नाना वाऱ्यांनी खराडीस लागली आहेत. धन्यवादित थॉमस, याकोब, पेत्र व देमेत्रिओ यांच्या मध्यस्थीने दयाघन परमेश्वर या धर्मग्रामातील लहानथोरांना एकमेकांचा आसरा होण्याची कृपा देवो, हीच आमची त्याच्या चरणी नम्र प्रार्थना. आमेन.